इब्सेनचा डॉक्टर चंडीपुरात: 'गणशत्रु'मध्ये काय आले आणि काय राहून गेले

पूर्वरंग (धागालेखक)

हेन्रिक इब्सेनचे 'जनतेचा शत्रू' हे नाटक १८८२ साली प्रसिद्ध झाले आणि सत्यजित राय यांनी १९८९ मध्ये त्यावरून 'गणशत्रु' हा बंगाली चित्रपट केला. राय यांच्या चाहत्यांमध्येही हा चित्रपट दुय्यम मानला जातो. तो नाटकी आहे, बोलका आहे, खोल्यांबाहेर पडत नाही, अशी टीका त्यावर झाली. ही टीका निराधार नाही, तरीही एखादे अभिजात नाटक वेगळ्या देशात आणि आपल्या काळात कसे आणावे याचा इतका शिकण्याजोगा नमुना आपल्याकडे क्वचितच सापडेल, असे मला मनापासून वाटते. त्यात जे साधले तेही शिकण्याजोगे आहे आणि जे हरवले तेही.

ज्यांनी नाटक वाचलेले नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या एका लहान गावात औषधी स्नानगृहे उभी राहिली आहेत आणि रोगी व पर्यटक यांच्या येण्याने गावाला बरे दिवस आले आहेत. स्नानगृहांचा वैद्यकीय अधिकारी डॉ. स्टॉकमन पाण्याचे नमुने विद्यापीठात तपासून घेतो, तेव्हा वरच्या अंगाच्या कातडी कारखान्यांतील घाण नळांत उतरत असल्याचे सिद्ध होते. गाव आपले आभार मानेल, अशी त्याची भाबडी खात्री असते. त्याचा सख्खा भाऊ गावचा नगराध्यक्ष आहे. दुरुस्तीला मोठा खर्च येईल, स्नानगृहे दोन वर्षे बंद ठेवावी लागतील आणि हा भार भागधारकांवर न पडता करदात्यांवर पडेल, असे तो वर्तमानपत्राच्या कचेरीत येऊन सांगतो. त्याच क्षणी सुधारक संपादक आणि संयमाचा सतत पुरस्कार करणारा मुद्रक डॉक्टरची साथ सोडतात. चौथ्या अंकात भर सभेत डॉक्टरला 'जनतेचा शत्रू' ठरवले जाते.

राय यांनी हे गाव बंगालमधल्या चंडीपुरात आणले. स्नानगृहांच्या जागी त्रिपुरेश्वराचे मंदिर आले आणि आंघोळीच्या पाण्याच्या जागी चरणामृत आले. डॉ. अशोक गुप्ता (सौमित्र चॅटर्जी) यांना गावात वाढणाऱ्या काविळीचे मूळ मंदिराच्या पाण्यात सापडते. नगरपालिकेचा अध्यक्ष असलेला त्यांचा भाऊ निशीथ (धृतिमान चॅटर्जी) मंदिर बंद ठेवायला तयार नाही, कारण गावाची सारी मिळकत यात्रेकरूंवर आहे. मंदिराच्या मागे भार्गव नावाचा धनिक उभा आहे. 'जनवार्ता' या पत्राचा संपादक हरिदास आणि मुद्रक अधीर आधी डॉक्टरांना उत्तेजन देतात आणि मग माघार घेतात.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा असा. जुने नाटक आजच्या काळात आणताना पोशाख, घरे, वाहने बदलणे सोपे असते. अवघड असते ते मूळ समाजातल्या माणसांना गप्प बसवणारी शक्ती नव्या समाजात नेमकी कोणत्या रूपात वावरते हे शोधणे. एकोणिसाव्या शतकातील नॉर्वेजियन गावात ती शक्ती करदात्याच्या खिशात होती. भारतीय गावात ती केवळ खिशात ठेवली असती तर कथा पटली असती, पण अंगावर आली नसती. आंघोळीला जाणे ऐच्छिक आहे. गाभाऱ्यासमोर हात पुढे केल्यावर ओंजळीत पडलेले तीर्थ नाकारणे बहुतेकांना शक्य होत नाही. ते डोळ्यांना लावून प्यायले जाते, उरलेले हात केसांवरून फिरवले जातात, लहान मुलांनाही पाजले जाते. राय यांनी ज्या पाण्याला हात लावला, त्यात पैसा, श्रद्धा, सवय आणि लोकलज्जा एकत्र मिसळलेल्या आहेत. भार्गव चरणामृताची छोटी बाटली घेऊन डॉक्टरांच्या घरी येतो आणि या पाण्यात तुळस आहे, म्हणून ते दूषित होऊच शकत नाही, असे अत्यंत शांतपणे सांगतो. त्या प्रसंगात आवाज चढत नाही, धमकी दिली जात नाही, आणि तरीही प्रयोगशाळेचा अहवाल निरुपयोगी ठरतो.

आता जे हरवले त्याविषयी. इब्सेनच्या नाटकातील विरोधक श्रद्धाळू नाहीत. ते सुशिक्षित, मतदान करणारे, वर्तमानपत्र वाचणारे, स्वतःला पुरोगामी म्हणवणारे लोक आहेत. चौथ्या अंकात डॉक्टर पाण्याचा विषय बाजूला ठेवतो आणि बहुमत हाच सत्याचा सर्वांत घातक शत्रू आहे, असे सांगू लागतो. सत्येसुद्धा सतरा-अठरा, फार तर वीस वर्षे जगतात आणि मग म्हातारी होतात, असे तो म्हणतो. तो उद्धट होतो, गर्विष्ठ होतो, आणि प्रेक्षकाला त्याच्या बाजूला उभे राहणे जड जाऊ लागते. 'गणशत्रु'मधील डॉ. गुप्ता यांना सभेत जवळजवळ बोलूच दिले जात नाही. निशीथ त्यांना विचारतो की तुम्ही स्वतःला हिंदू समजता का, आणि या मंदिरात तुम्ही कधी पाऊल ठेवले आहे का. प्रामाणिक उत्तर देताच सभा उलटते. प्रसंग म्हणून तो भेदक आहे, पण त्यामुळे डॉक्टर निष्कलंक राहतो आणि आपल्याला त्याच्या बाजूने राहण्यासाठी काही किंमत मोजावी लागत नाही.

शेवटही बदलला आहे. इब्सेनचा डॉक्टर फुटलेल्या खिडक्यांच्या घरात कुटुंबाला जवळ घेऊन म्हणतो की जगातला सर्वांत बलवान माणूस तो, जो सर्वांत एकटा उभा राहतो. राय यांच्या चित्रपटात नाट्यसंस्थेतील तरुण डॉक्टरांचा लेख छापून मोर्चाने येतात, नोकरी सोडलेला पत्रकार बीरेश त्यांच्या बाजूने उभा राहतो, बाहेरून डॉक्टरांच्या नावाचा जयजयकार ऐकू येतो आणि आपण एकटे नाही, हे त्यांना कळते.

ज्या लेखकाने बहुमतावर अविश्वास दाखवला, त्याच्या नाटकाचा शेवट जयजयकाराने करावा काय? माझे मत सध्या 'करू नये' या बाजूला झुकते. आपली मते वाचायला आवडतील.

तिसरी घंटा

धागा उत्तम आहे. आपण चौथ्या अंकाविषयी जे लिहिले आहे त्याला रंगभूमीच्या बाजूने एक जोड देतो. त्या अंकाचे सामर्थ्य केवळ भाषणात नाही, ते नाट्यगृहाच्या रचनेत आहे. डॉक्टर सभेला उद्देशून बोलतो तेव्हा त्याचे तोंड आपल्याकडे असते. तिकीट काढून आलेला, घरी परतल्यावर नाटकावर चर्चा करणारा प्रेक्षक नकळत त्या सभेचा सदस्य होतो आणि मंचावरचा माणूस त्याला तोंडावर सांगतो की तू ज्या बहुसंख्येचा भाग आहेस तिच्यामुळेच सत्य मरते.

बर्लिनच्या शाउब्यूने या नाट्यसंस्थेसाठी थॉमस ओस्टरमायर यांनी २०१२ मध्ये बसवलेल्या प्रयोगात ही शक्यता शेवटपर्यंत ताणली आहे. तिथे चौथ्या अंकात नाट्यगृहातले दिवे लागतात आणि प्रेक्षकांनाच चर्चेत बोलावले जाते. २०१८ मध्ये बीजिंगमध्ये प्रेक्षक आपल्या देशातील परिस्थितीविषयी उघडपणे बोलू लागले आणि त्यानंतर चीनमधील पुढील प्रयोग अडचणीत आले. सव्वाशे वर्षांहून जुन्या नाटकातील एक सभा खरी सभा ठरते, याहून आधुनिक ते काय असणार?

चित्रपटाला हे करता येत नाही. कॅमेरा सभेकडे वळला की सभा 'ते लोक' होते आणि आपण अंधारात सुरक्षित राहतो. म्हणून राय यांनी भाषण गाळून तिथे प्रश्नोत्तरे घातली, हा मला माध्यमाची मर्यादा ओळखून घेतलेला निर्णय वाटतो. 'तुम्ही हिंदू आहात का' हा प्रश्न जवळून टिपलेल्या चेहऱ्यांवर जसा काम करतो तसा मंचावर केला नसता. ज्या ठिकाणी रंगभूमी प्रेक्षकाला आरोपी करते, त्या ठिकाणी चित्रपटाने त्याला साक्षीदार केले आहे. हा बदल कमी दर्जाचा आहे असे मी म्हणणार नाही, पण बदल आहे हे खरे.

हावडा_ब्रिज

मी मूळची नागपूरची असून अनेक वर्षे कोलकात्यात राहते, म्हणून बंगाली बाजूने थोडे लिहिते.

'गणशत्रु' खोल्यांमध्ये का अडकला आहे, याचे कारण विसरता येत नाही. 'घरे बाइरे'च्या चित्रीकरणाच्या काळात, १९८३ मध्ये, राय यांना हृदयविकाराचा झटका आला आणि तो चित्रपट त्यांचे पुत्र संदीप यांच्या मदतीने पूर्ण झाला. पुढची काही वर्षे त्यांना कथाचित्रपट करता आला नाही. 'गणशत्रु' हा त्यानंतरचा पहिला कथाचित्रपट, आणि बाहेर जाऊन चित्रीकरण करण्यास वैद्यांची मनाई होती. ज्यांनी आयुष्यभर पाऊस, आगगाडी, काशफुले आणि वाराणसीचे घाट टिपले त्यांना चार भिंतींत चित्रपट करावा लागला. अशा वेळी नाटक निवडणे हा शहाणपणाचा निर्णय होता. नाटकाला भिंती जड वाटत नाहीत.

त्या मर्यादेतून त्यांनी जे काढले ते मला विशेष वाटते. मंदिराची थोडी दृश्ये सोडली तर गाव फारसे दिसत नाही, पण ऐकू येते. घरावर दगड पडतात ते काच फुटण्याच्या आवाजाने कळतात, आणि शेवटचा मोर्चाही आधी आवाज म्हणूनच घरात शिरतो. डॉक्टरांप्रमाणे आपणही खिडकीच्या आत आहोत आणि बाहेर किती माणसे आहेत याचा अंदाज केवळ कानांनी घेतो आहोत. एका अर्थी बहुमत हे इब्सेनच्या नाटकातही असेच आहे. त्याला चेहरा नसतो, फक्त आवाज असतो.

दुसरी गोष्ट, बंगाली प्रेक्षकाला हे नाटक नवे नव्हते. शंभू मित्र यांच्या 'बहुरूपी' संस्थेने १९५२ मध्ये 'दशचक्र' या नावाने त्याचे बंगाली रूप मंचावर आणले होते. म्हणून शेवटी डॉक्टरांच्या मदतीला नाट्यसंस्थेची मुले येतात, यात मला योगायोग दिसत नाही. बंगालमध्ये समूहनाट्याची चळवळ ही अनेक दशके मध्यमवर्गाच्या सदसद्विवेकाची जागा होती. राय यांनी आशेचा पत्ता फार विचारपूर्वक निवडला आहे. जयजयकार करणारी ही माणसे सभेत ओरडणारी माणसे नाहीत, आणि धागालेखकांनी दोन्ही जमावांना एकाच मापाने मोजले आहे, असे मला वाटते.

पाणवठा

माझा व्यवसाय पाणीपुरवठ्याचा आहे, चित्रपटाचा नाही, तरी या धाग्यात एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. इब्सेनच्या गावातील रोग आंत्रज्वराच्या (टायफॉइडच्या) जातीचे आहेत आणि राय यांनी त्याऐवजी कावीळ घेतली. हा बदल वरवर किरकोळ दिसतो, पण तो फार अचूक आहे.

दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ हिपॅटायटिस 'ए' किंवा 'ई' या विषाणूंमुळे होते आणि पाणी पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः दोन ते सहा आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ जातो. यात्रेकरू तीर्थ घेऊन आपापल्या गावी परततो, महिन्याभराने त्याचे डोळे पिवळे होतात, आणि त्याचा संबंध त्या ओंजळभर पाण्याशी कोणी जोडत नाही. गावात राहणाऱ्यांचे आजारपण तेवढे मोजले जाते आणि ते नेहमीच 'थोडे' असते. निशीथसारख्या अध्यक्षाला 'एवढ्याशा रुग्णांवरून मंदिर बंद करायचे काय' असे म्हणता येते ते या रोगाच्या संथपणामुळे. पटकी असती तर दोन दिवसांत वाद मिटला असता आणि नाटकही उभे राहिले नसते.

नळाविषयीही लिहितो. आपल्या बहुसंख्य शहरांत चोवीस तास पुरवठा नसतो. पाणी बंद झाले की नळातला दाब उतरतो, आणि शेजारून गटार जात असेल व सांधे गळके असतील तर बाहेरची घाण आत ओढली जाते. पुढच्या वेळी पाणी सुटले की ती पहिल्या घागरीत येते. पाणी स्वच्छ दिसते, वास येत नाही. ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे, हा नियम यासाठीच आहे, आणि गाभाऱ्यातल्या तांब्यात ते कोणी मोजत नाही. तुळशीचे गुण काहीही असोत, विषाणू मारण्याची हमी ती देत नाही. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून काविळीची जी साथ आली, तिच्यात सुमारे २९ हजार लोक आजारी पडले होते, तेही देशाच्या राजधानीत आणि जलशुद्धीकरण केंद्र असताना. आपल्याकडे २०१२ मध्ये इचलकरंजीत आलेली साथ अनेकांना आठवत असेल.

म्हणून हा चित्रपट मला नाटकी वाटला नाही. अहवाल हातात आल्यावर खोलीत बसलेल्या सगळ्यांनी पाण्याऐवजी पैशांविषयी आणि प्रतिष्ठेविषयी बोलू लागणे हे मी बैठकांमध्ये पाहिले आहे आणि ते अगदी असेच घडते.

उंबरठा

धागालेखकांचा चौथ्या अंकाविषयीचा आक्षेप मला अर्धाच पटतो, कारण त्यांनी त्या भाषणाचा सर्वांत अडचणीचा भाग सांगितलेला नाही. इब्सेनचा डॉक्टर त्या सभेत कुत्र्यांचे उदाहरण देतो. रस्त्यावरचे गावठी कुत्रे आणि पिढ्यान्‌पिढ्या चांगल्या घरात वाढलेले उच्च जातीचे कुत्रे यांच्या मेंदूत फरक पडतो, तसाच तो माणसांतही असतो, असे तो सांगतो. नाटककार आर्थर मिलर यांनी १९५० मध्ये अमेरिकेत या नाटकाचे जे रूपांतर केले त्यात हा भाग काढून टाकला. दुसरे महायुद्ध होऊन थोडीच वर्षे झाली होती आणि वंशश्रेष्ठत्वाची भाषा काय करते हे जगाने पाहिले होते.

आता हेच भाषण बंगालमधील 'गुप्ता' आडनावाच्या, सुशिक्षित, भद्रलोकातल्या डॉक्टरांच्या तोंडी घालून पाहा, किंवा आपल्याकडच्या एखाद्या उच्चवर्णीय डॉक्टरच्या तोंडी घाला. ते नॉर्वेत बौद्धिक अहंकाराचे भाषण होते. इथे ते त्याच क्षणी जातीचे भाषण होईल. बहुसंख्य लोक अडाणी आणि मूठभर लोक जाणते, हे वाक्य भारतात निष्पाप राहू शकत नाही, कारण शतकानुशतके ते ज्यांच्याविषयी उच्चारले गेले ती माणसे प्रेक्षागृहात बसलेली आहेत. त्यांना पाणवठ्यावर येऊ दिले जात नव्हते, महाडच्या तळ्यावर १९२७ मध्ये हक्क बजावावा लागला होता, आणि इथे तर विषयच पाण्याचा आहे.

भाषण तसेच ठेवले असते तर राय यांना दोन वेगळे चित्रपट करावे लागले असते. त्यांनी ते टाळले, याला मी भित्रेपणा म्हणणार नाही. एक खंत मात्र मलाही आहे. भाषण टाळताना जातीचा प्रश्नच टळला. गाभाऱ्यातील चरणामृत कोणाला ओंजळीत मिळत होते आणि कोणाला दुरून, गळक्या नळाच्या वस्तीत कोण राहत होते, हे चित्रपट विचारत नाही. आधुनिक काळात आणायचेच होते, तर तो प्रश्न समोरच उभा होता.

पूर्वरंग (धागालेखक)

उंबरठा, आपला प्रतिसाद वाचून मला माझा आक्षेप नव्याने मांडावा लागेल. भाषण जसेच्या तसे ठेवणे अशक्य होते, हे मान्य. माझे म्हणणे आता इतकेच उरते की डॉक्टरचा दोष ठेवायला हवा होता. तो वंशाचा किंवा जातीचा अहंकार असण्याची गरज नव्हती. इब्सेनचा स्टॉकमन वर्तमानपत्राच्या कचेरीत भावाची अधिकाराची टोपी डोक्यावर घालतो, काठी हातात घेतो आणि आता गावात माझी सत्ता आहे म्हणून ऐटीत फिरतो. त्याला विजय आवडतो, मिरवणूक आवडते, आपण गावाचे तारणहार आहोत ही कल्पना आवडते. हा दोष कोणत्याही देशात नेता येतो. सौमित्र चॅटर्जी यांच्यासारख्या नटाला तो लीलया पेलला असता. डॉ. गुप्ता यांच्या थकलेल्या, सौम्य सज्जनपणात त्याला जागा राहिली नाही.

हावडा_ब्रिज, दोन जमावांतील फरक आपण दाखवलात तो मला पटला. तरी जयजयकार ऐकताना माझे मन साशंक राहते.

नांदी

थोडे विषयाच्या कडेने. नॉर्वेजियन नाटकाशी मराठीचे नाते जुने आहे. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर संस्थेने रंगभूमीवर आणलेले 'आंधळ्यांची शाळा' हे श्री. वि. वर्तकांचे नाटक इब्सेनचे समकालीन आणि व्याही ब्यर्नसन यांच्या नाटकावर आधारलेले होते, आणि मराठी नाटकातील नवतेचा प्रारंभ अनेक जण तिथून मानतात. अनंत काणेकरांनीही इब्सेनच्या 'बाहुलीचे घर' या नाटकाची नायिका नोरा 'घरकुल'मधून मराठीत आणली. म्हणजे परदेशी नाटक आपल्या घरात आणून बसवण्याची रीत आपल्याला परकी नाही.

याच नाटकावर १९७८ मध्ये अमेरिकेत अभिनेते स्टीव्ह मॅक्वीन यांनी एका चित्रपटात दाढी वाढवून डॉक्टरची भूमिका केली होती. त्या चित्रपटात काळ आणि देश दोन्ही मूळचेच ठेवले होते. निष्ठा पूर्ण होती, पण तो प्रेक्षकांपर्यंत फारसा पोचलाच नाही. मूळ काळ जपल्याने नाटक जपले जाते असे नाही, एवढेच सुचवायचे आहे.

कृष्णाकाठ

हा चित्रपट मी साताऱ्यात पाहिला, आणि पाहताना डॉ. नरेंद्र दाभोलकरांशिवाय दुसरा कोणाचा विचार मनात येणे शक्य नव्हते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना १९८९ मधली, म्हणजे 'गणशत्रु' आला त्याच वर्षीची. दाभोलकरही व्यवसायाने डॉक्टर होते. गणेशमूर्तींच्या विसर्जनाने नद्या-तळी दूषित होतात, म्हणून मूर्ती दान करा, असे त्यांच्या कार्यकर्त्यांनी सांगितले, तेव्हा त्यांनाही हाच प्रश्न विचारला गेला: तुम्ही हिंदू आहात का? दाभोलकरांनी देवाधर्माला विरोध नसून शोषणाला विरोध आहे, हे वर्षानुवर्षे, न कंटाळता, गावोगावी सांगितले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते अनेक वर्षे झगडत होते. त्याचा अध्यादेश त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला.

शेवटाच्या वादात मला एवढेच सांगायचे आहे. 'सर्वांत एकटा तो सर्वांत बलवान' हे वाक्य वाचायला मोठे आहे, पण आमच्या भागात हे काम एकट्याने केलेले नाही. शाळांमध्ये जाणारे शिक्षक, पथनाट्ये करणारी मुले, पत्रके छापणारे छोटे मुद्रक, गावात सभा लावणारे कार्यकर्ते यांच्या जोरावर ते चालले, आणि खुनानंतरही ते थांबले नाही. राय यांनी शेवटी जी पत्रके वाटणारी मुले आणली, ती माणसे मी पाहिलेली आहेत. त्यामुळे तो शेवट मला गोड वाटत नाही. तो मला इब्सेनच्या शेवटापेक्षा खरा वाटतो. त्या जयजयकाराने डॉक्टर सुरक्षित होत नाहीत, आणि राय यांनीही तसे कुठे म्हटलेले नाही. मंदिर तोवर चालूच असते.

तिसरी घंटा

कृष्णाकाठ यांच्या शेवटच्या वाक्याकडे लक्ष वेधतो. चित्रपट संपतो तेव्हा पाणी स्वच्छ झालेले नसते. डॉक्टरांची नोकरी परत मिळालेली नसते, मुलीची शिक्षिकेची नोकरीही गेलेली असते, घर सोडायला सांगितलेले असते. राय यांनी पराभव जसाच्या तसा ठेवला आहे आणि त्याच्या शेजारी सोबत ठेवली आहे. हे दोन्ही एकत्र पाहिले नाही तर शेवट खोटा वाटतो.

पूर्वरंग (धागालेखक)

कृष्णाकाठ, आपल्या प्रतिसादानंतर शेवटाविषयी माझे मत बदलले आहे, हे मोकळेपणाने सांगतो. इब्सेनने ते नाटक लिहिले तेव्हा 'भुते' या आधीच्या नाटकावरून त्याच्यावर चहूकडून टीका होत होती आणि ज्यांना तो आपले समजत होता ते उदारमतवादीही गप्प बसले होते. एकटेपणाचे ते वाक्य त्या जखमेतून आले आहे. राय यांच्या काळातील आणि देशातील जखम वेगळी होती. अयोध्येतील राममंदिरासाठी गावोगावी विटा पुजल्या गेल्या, त्या रामशिलापूजनाच्या वर्षी विवेकी माणसांना एकटेपणाचा अभिमान देण्यापेक्षा एकमेकांचा पत्ता देणे अधिक निकडीचे होते.

एक गोष्ट मात्र मला अजूनही सलते आणि तिच्याविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. नाटकात मॉर्टन कील नावाचा म्हातारा आहे. तो डॉक्टरच्या पत्नीचा पालक पिता, आणि ज्या कातडी कारखान्यांतून घाण येते त्यांपैकी सर्वांत वाईट कारखाना त्याचाच. पाचव्या अंकात तो मुलीसाठी आणि नातवंडांसाठी ठेवलेल्या पैशांतून स्नानगृहांचे किंमत पडलेले भाग (शेअर) विकत घेतो आणि जावयासमोर ठेवतो. आता पाणी खराब आहे असे म्हणत राहिलास तर तुझीच बायकामुले भिकेला लागतील, असा तो पेच आहे. तेवढ्यात गावात बातमी पसरते की डॉक्टरने भाव पाडण्यासाठीच अहवाल लिहिला होता, आणि कालचे विरोधक भागीदारीसाठी दारात हजर होतात. सत्य बोलणारा माणूस सटोडिया ठरतो, तोही स्वतः काहीही न करता.

'गणशत्रु'मध्ये कील नाही. मंदिराचे भाग बाजारात नसतात, म्हणून राय यांना तो गाळावा लागला असेल, हे समजते. पण १८८२ च्या नाटकातील आजच्या काळाला सर्वांत जवळची व्यक्तिरेखा बहुधा हीच आहे. आज कोणी मराठीत हे नाटक चित्रपटासाठी घेतले, एखाद्या तीर्थक्षेत्राच्या गावात आणले, तर मंदिराभोवतीच्या जमिनी, भक्तनिवास आणि बाटलीबंद पाण्याचा कारखाना यांमध्ये कीलला पैसे गुंतवता येतील, आणि डॉक्टरच्या पत्नीच्या नावावर सातबारा करून देता येईल. तिने त्या कागदावर सही करावी की नाही, हा प्रसंग इब्सेनने तिच्या हाती दिलाच नाही. निर्णय डॉक्टरच घेतो. तो तिच्या हाती द्यायला आजच्या पटकथाकाराला काही अडचण नसावी.